फळ्यावरचा श्वास

प्रत्येक कारखान्यात उत्पादनाचा एक पांढरा फळा असतो. तासाला किती नग व्हायचे होते, किती झाले, किती नापास झाले, एवढेच त्यावर लिहितात. चाकणच्या ज्या कंपनीत मी अकरा वर्षे प्राणायाम शिकवला, तिथल्या फळ्यावर एका सोमवारी सकाळी मला एक नवा रकाना आखलेला दिसला. वर शीर्षक होते 'श्वास'. त्याखाली दोन घरे होती, 'टार्गेट' आणि 'झाले'.

या अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. "सर, मनःशांतीवर काहीतरी लिहा," असे त्यांनी कळवले. मनःशांतीवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी त्या रकान्यावर लिहिणार आहे आणि रागाने लिहिणार आहे. सत्तरी ओलांडलेल्या, नेमाने संध्या करणाऱ्या माणसाने रागावू नये, असे वाचकांपैकी काहींना वाटेल. मलाही आयुष्यभर तसेच वाटत आले, आणि त्या वाटण्यानेच एका माणसाचा जीव जवळजवळ घेतला.

माझे शिक्षण कृष्णाकाठच्या पाठशाळेत झाले. पुढे चिंचवडच्या एका शाळेत मी संस्कृत शिकवले आणि तिथूनच निवृत्त झालो. पाठशाळेत आचार्यांनी प्राणायाम शिकवला होता. तो मी उपासना म्हणून करत आलो. त्याची कधी नोकरी होईल असे स्वप्नातही नव्हते. परंतु गणेशोत्सवातले माझे एक व्याख्यान ऐकून त्या कंपनीच्या एका अधिकाऱ्यांनी मला बोलावले. पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी कामगारांना पंधरा मिनिटे कवायत असे. त्यातली दहा मिनिटे माझी.

धोतर नेसून शॉपफ्लोअरवर जाता येत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळले. मग पायजमा, त्याखाली पोलादी टोपणाचे बूट आणि डोक्यावर पिवळे हेल्मेट. रांगेतून कुणीतरी विचारले, "गुरुजी, हेल्मेटखाली शेंडी बसती का?" दुसरा म्हणाला, "न्हाई राव, तिच्यासाठी वर भोक पाडून घेतलंय." मीही हसलो. त्या हसण्याने आमचे जमले.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपे वाटेल. तसे ते नाही. पाठशाळेत डोळे मिटले की नदी ऐकू येई. इथे डोळे मिटले की कॉम्प्रेसर ऐकू येतो. माणसे मोशी-भोसरीच्या वाहतुकीतून कंपनीच्या बसने पेंगत आलेली असतात. एक जण प्राणायामातही गालातली तंबाखू सोडत नसे. "श्वास नाकानेच घ्यायचा ना गुरुजी, मग तोंडात काय का असेना," हा त्याचा बिनतोड युक्तिवाद. एक अधिकारी एका नाकपुडीवर बोट ठेवून दुसऱ्या हाताने फोन कानाला लावत आणि मधूनच "हां, डिस्पॅच करा," असे म्हणत. तरी मी कुणावर चिडत नसे.

श्वास किती लांब घ्यावा याला आमच्याकडे 'मात्रा' हे माप आहे. बसलेल्या माणसाने गुडघ्यावरून तळहात सावकाश एकदा फिरवून चुटकी वाजवली की एक मात्रा झाली. उभ्या माणसाला गुडघा सापडत नाही, म्हणून आम्ही हेल्मेट पोटाशी धरून त्यावरून तळहात फिरवू लागलो. हातमोजे घातल्यावर चुटकी वाजेना. तेव्हा रांगेतला एक जण सर्वांसाठी तोंडाने 'टिक' म्हणू लागला. चार टिकांत श्वास आत, आठ टिकांत बाहेर. ओढाताण नाही, चढाओढ नाही. अकरा वर्षे मी यापलीकडे काही शिकवले नाही, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

ती 'टिक' म्हणणारा माणूस म्हणजे अंगद. बीड जिल्ह्यातला, भरदार देहाचा, आवाज असा की कॉम्प्रेसरलाही ऐकू जावा. गिअरच्या पेट्या जुळवण्याच्या लाइनवर तो काम करत असे. पेटी उचलायची, रोलरवर ठेवायची, बोल्ट आवळायचे, पुढे ढकलायची. बायको आणि दोन मुली यांच्यासह तो कुरुळीला एका खोलीत राहत होता. कंत्राटावर सहावे वर्ष चालू होते, आणि कायम करायच्या कामगारांच्या यादीत त्याचे नाव या खेपेला आले होते. मधे फक्त एक वैद्यकीय तपासणी उरली होती. तो मला सांगे, "गुरुजी, एकदा का परमनंटचं लेटर हातात पडलं की पोरींना इथल्याच शाळेत कायमचं टाकायलो. मग गावाकडं वापस जायचं नाव नाय."

आदल्या वर्षीच्या तपासणीत अंगदचा रक्तदाब बराच चढलेला निघाला होता. पुढच्या तपासणीत तो उतरला. मधल्या काळात त्याने माझा वर्ग एकही दिवस चुकवला नव्हता. मला झालेल्या आनंदाचे वर्णन करायला मला आज लाज वाटते. कंपनीच्या वर्धापनदिनी मला बोलायला सांगितले, तेव्हा मी त्याला व्यासपीठावर बोलावले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून शेकडो लोकांसमोर म्हणालो, "प्राणायाम काय करू शकतो, हे ग्रंथात शोधू नका. इकडे पाहा." टाळ्या झाल्या. आमच्या दोघांचा फोटो मोठा करून कँटीनच्या भिंतीवर लावला गेला. त्याचा रक्तदाब कशाने उतरला, हे मी त्याला विचारले नव्हते. विचारण्याची गरज आहे असे मला वाटलेच नव्हते.

यानंतर निखिल सर आले. मनुष्यबळ विभागाचे नवे प्रमुख. वयाने माझ्या नातवापेक्षा थोडे मोठे, बोलणे अतिशय नम्र. कंपनीत आरोग्य सप्ताह साजरा करायचे त्यांनी ठरवले. बाहेरच्या कुणा विक्रेत्याकडून मुठीत मावेल असे एक निळे उपकरण त्यांनी शेकड्याने मागवले. त्याची रचना अशी, की नाकाला चिमटा लावायचा आणि तोंडाने नळीतून श्वास ओढायचा. नळीत एक स्प्रिंगची झडप असते. पुरेसा जोर लावल्याशिवाय ती उघडत नाही. खालचा स्क्रू फिरवला की स्प्रिंग आवळते आणि श्वास ओढणे अधिक जड होते. श्वासाचे स्नायू बळकट करायला डॉक्टर मंडळी ते वापरतात आणि खेळाडूही वापरतात. वस्तू वाईट नाही. वाईट होता तो रकाना. स्क्रू शेवटच्या आट्यापर्यंत आवळायचा, दोन मिनिटांत ज्या लाइनचा माणूस सर्वांत जास्त श्वास ओढेल ती लाइन विजेती, असे ठरले. हेल्मेटवरचा तळहात गेला, टिक गेली. त्याऐवजी लाइनवर नग पुढे सरकवायचा इशारा देणारी घंटा लावली. फळ्यावर गिअरच्या पेट्यांच्या शेजारी श्वास मांडले जाऊ लागले.

मी गप्प राहिलो. मनात म्हणालो, चार दिवसांचा उत्साह आहे, ओसरेल.

कंपनीच्या दवाखान्यात शबाना सिस्टर होत्या. कासारवाडीच्या, वडिलांचे तिथे गॅरेज. बोलणे स्पष्ट, हात हलका आणि नोंदवही इतकी नीटनेटकी की मी ती शाळेतल्या मुलांना दाखवली असती. स्पर्धेच्या दोन दिवस आधी त्यांनी मला दवाखान्यात बोलावून घेतले.

"गुरुजी, बाही वर करा."

"मला काय झाले आहे?"

"काही नाही. म्हणूनच तुमचं बघायचंय."

त्यांनी दंडाला पट्टा बांधला. माझा दाब उत्तम होता. एकशे तीसच्या आत. मी किंचित अभिमानाने त्यांच्याकडे पाहिले. मग त्यांनी ते निळे उपकरण माझ्या हाती दिले. "आता हे ओढा. स्क्रू मी शेवटपर्यंत आवळलाय. हात हलवू नका, मी मोजत राहते."

पहिले काही श्वास मी सहज ओढले. पन्नास वर्षांची साधना होती. मग बरगड्यांमध्ये काहीतरी पेटल्यासारखे झाले. मानेच्या शिरा ताणल्या. तळहात गार पडू लागले. शेवटी तर ते माझे आहेत असे वाटेना. सिस्टरांनी पट्टा पुन्हा फुगवला, सोडला आणि आकडा दाखवला. दाब एकशे साठच्या पुढे गेला होता. नाडी धावत होती. मी खुर्चीवर स्वस्थ बसलेला होतो. एक पाऊलही चाललो नव्हतो.

"हे दाब मोजायचे यंत्र बिघडलेले असेल," मी म्हणालो.

"यंत्र चांगलं आहे. तुम्हीपण चांगले आहात. हे असंच होतं." त्या समोर बसल्या. "तुम्हाला कंपनीतल्या भाषेत सांगते. इथं सगळीकडे कॉम्प्रेसरच्या हवेची एक मोठी लाइन फिरते ना? तिला फांद्या आहेत, प्रत्येक मशीनला एक. आता समजा, एका मोठ्या मशीनला हवा कमी पडायला लागली. ते ओरडतं. मग काय करतात?"

"बाकीच्या फांद्यांचे वॉल्व्ह आवळतात."

"बरोबर. मग मोठ्या लाइनीतला दाब चढतो आणि लहान मशिनींची हवा तुटते. श्वासाचे स्नायू तसेच. हलकं काम असलं तर गप असतात. जोराने दमवले की त्यांच्यात थकव्याची घाण साठते, ते मेंदूला कळवतात, आणि शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. आधी श्वासाला रक्त, मग बाकीच्यांना. म्हणून तुमचे हात गार पडले. म्हणून दाब चढला. धडधाकट माणूस दोन मिनिटांत परत जागेवर येतो. पण ज्याचा आधीच चढलेला आहे, त्याचं काय?"

मी म्हणालो, "परंतु स्पर्धेतल्या मुलांचे दाब तर तुम्ही रोज घेता. ते चांगले येतात, असे निखिल सर सांगत होते."

"कधी घेते मी? सगळं झाल्यावर, पंधरा मिनिटं बसवून. त्यांनीच तसं ठरवून दिलंय. गाडी घाट उतरून सपाटीला लागल्यावर तिचं इंजिन तपासायचं आणि म्हणायचं, तापतच नाही!"

मग त्यांनी माझ्या दंडाचा पट्टा सोडला. "हे सोसायची सवय करता येते, गुरुजी. कमी जोराने, आठवड्यांमागून आठवडे, मोजून मापून. मग ते स्नायू लवकर ओरडत नाहीत. काहींचा बसल्या जागचा दाबही त्याने थोडा खाली येतो. तुमच्या विद्येला मी खोटं म्हणत नाही. पण अंगदचं नाव काढा त्या स्पर्धेतून. तो अजून एकदाही सरावाला आलेला नाही, आणि तो गोळीवर आहे."

"त्याचा दाब तर उतरला आहे ना?"

"गोळीने उतरलाय, गुरुजी."

मला त्या क्षणी काय वाटले ते मी प्रामाणिकपणे लिहितो. मला अंगदची काळजी वाटायला हवी होती. मला आधी आठवली ती टाळी, तो फोटो, माझे वाक्य. अपमान झाल्यासारखा मी तिथून उठलो.

निखिल सरांकडे मी गेलो. जाऊन काय केले? हात जोडले. "स्प्रिंग थोडी सैल ठेवता आली तर पाहावे. आणि ज्यांना औषध चालू आहे त्यांना वगळता आले तर बरे होईल." माझ्या वाक्यात दोनदा 'तर' होते. निखिल सर हसून म्हणाले, "गुरुजी, अंगद तर आपला पोस्टर बॉय आहे! बॅनर छापून झालेत. आणि सगळे आपण होऊनच भाग घेतायत, जबरदस्ती कुणालाच नाही." मी "बरे" म्हणालो. त्या 'बरे'चा मला आज जितका संताप येतो, तितका त्यांच्या बॅनरचा येत नाही. माझ्या शांत स्वभावाची लोकांनी आयुष्यभर स्तुती केली. त्या स्वभावाच्या आड किती भित्रेपणा दडला होता, हे कुणी पाहिले नाही, मीही नाही. अंगदला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. पण त्याच्यापुढे मला हे कबूल करावे लागले असते, की व्यासपीठावर मी जे बोललो ते न तपासता बोललो. ते मला जमले नाही.

शुक्रवारी सकाळी कवायतीच्या जागी मंडप घातला होता. चार लाइनींचे चार पैलवान खुर्च्यांवर बसले, नाकाला चिमटे लावून. त्यांच्या मागे त्यांचे सोबती.

"अंगद भावा, आज पेंट शॉपचा चुराडा!"

"चुराडा व्हय? आमच्या गड्याची छाती बघितली का, कॉम्प्रेसर हाय त्यो!"

"अंगदच्या पाठीशी गुरुजी हायती राव, घरी जा तुमी!"

आरंभाचा मान माझा होता. मी ॐकार म्हटला. हो, मीच म्हटला. तो उच्चार आयुष्यभर मी पवित्र मानला आणि त्या सकाळी तो शर्यतीच्या शिट्टीसारखा वापरला. घंटा वाजू लागली. अंगद ओढत होता. मिनिटभरात त्याचे कान लाल झाले, मान फुगली आणि नजर माझ्यावर खिळली. दवाखान्यातल्या खुर्चीवर मला जे झाले होते ते त्याला होत असणार, हे त्या मंडपात फक्त दोघांना ठाऊक होते. शबाना सिस्टर पुढे आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "बास! थांबवा याला!" टाळ्यांत ते विरले. मी ते स्पष्ट ऐकले. मी हात वर केला असता, तरी तो थांबला असता. त्याची नजर माझ्यावरच होती.

तो जिंकला. पेढा भरवला गेला. आणि शिफ्टची घंटा झाली. लाइन थांबत नाही, हा तिथला सर्वांत मोठा नियम आहे. सिस्टर "पाच मिनिटं बसू दे त्याला," म्हणत असताना तो आपल्या जागी गेला. पहिली पेटी उचलली. दुसरी उचलताना त्याचे गुडघे वाकले. रक्त पायांकडे परतलेच नव्हते. वॉल्व्ह अजून आवळलेले होते. पेटी जमिनीवर आणि अंगद रोलरवर. कपाळ फुटले. सिस्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि मला न सांगता नोंदवहीत वेळेसह लिहिला. मग वही मिटली. तो आकडा माझ्यापासून लपवायचा होता की मला आणखी दुखवायचे नव्हते, ते मी विचारले नाही.

रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याच्याजवळ बसलो होतो. एक डोळा रक्ताने मिटलेला. दुसऱ्याने माझ्याकडे पाहत तो पुटपुटला, "गुरुजी, गोळी बंद केली होती मी."

"कधीपासून?"

"तुमच्या भाषणापासून. तुम्ही एवढं चारचौघांत बोललात. त्याच्यावर मी गोळी खायलो म्हणजे तुमाला खोटं पाडल्यासारखं झालं असतं की."

तो वाचला. डॉक्टरांनी सांगितले, थोडक्यात निभावले. मेंदूत रक्तस्राव झाला नव्हता. कपाळाला टाके पडले, काही आठवडे विश्रांती मिळाली. मात्र त्या काही आठवड्यांतच कायम कामगारांची यादी निघायची होती.

चौथ्या दिवशी निखिल सरांनी मला बोलावले. टेबलावर एक टंकलिखित कागद होता. त्यात म्हटले होते, की सदर कामगाराने आपला आजार लपवला आणि प्रशिक्षकांनी दिलेल्या सूचनांचे उल्लंघन करून व्यायाम केला. खाली प्रशिक्षक म्हणून माझे नाव, सहीला जागा.

"फक्त फॉर्मॅलिटी आहे, गुरुजी. वरती पाठवावं लागतं."

"यावर मी सही केली, तर यादीतल्या त्याच्या नावाचे काय होईल?"

"ते... तो वेगळा विषय आहे. आजार लपवणाऱ्याला कायम करणं अवघड असतं."

"त्याने आजार कुणापासून लपवला? दवाखान्याच्या वहीत त्याची गोळी लिहिलेली आहे."

"गुरुजी, तुम्ही शांत व्हा."

"मी शांतच आहे," मी म्हणालो. "तीच तर तक्रार आहे. लाल पेन आहे का?"

त्यांनी बुचकळ्यात पडून ड्रॉवरमधून लाल पेन काढून दिला. तीस वर्षे मी मुलांचे निबंध तपासले आहेत. 'लपवला' यावर मी काट मारली. 'उल्लंघन' यावर काट मारली. मग कागद उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहिले: या व्यायामाने रक्तदाब चढतो, हे सिस्टरांनी मला दोन दिवस आधी माझ्याच दंडावर दाखवले होते. अंगद औषधावर आहे, हे मला ठाऊक होते. मी ते अधिकाऱ्यांना सांगितले. पुरेशा स्पष्टपणे सांगितले नाही. स्पर्धेचा आरंभ मी केला, आणि सिस्टर थांबवा म्हणत असताना मी थांबवली नाही. त्याने माझी कोणतीही सूचना मोडली नाही. त्याने माझे शब्द नको इतके पाळले.

खाली सही केली. "हे वरती पाठवा," मी म्हणालो.

निखिल सरांनी कागदाची मागची बाजू दोनदा वाचली. "गुरुजी, यात तुम्हीच अडकाल."

"अडकलोच पाहिजे."

तो कागद वर गेला नसता, हे मी जाणून होतो. म्हणून त्याची दुसरी प्रत मी युनियनच्या चिटणिसांना दिली. शबाना सिस्टरांनी आपल्या नोंदवहीची प्रत त्याला जोडली. वाहनतळाशी आमची भेट झाली तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "आता जरा आवाज आला तुमचा." बैठका झाल्या, पत्रे फिरली. काही महिन्यांनी अंगदला कायम केल्याचे पत्र निघाले. वजन उचलायचे नाही, अवजारांच्या भांडारात बसायचे, अशा अटीवर. माझा करार मात्र पुढे वाढला नाही. प्राणायाम यापुढे मोबाइलवरच्या ॲपमधून शिकवला जाईल, असे मला एका अत्यंत नम्र पत्राने कळवण्यात आले. त्याबद्दल मला राग नाही. राग आहे तो याचा, की कँटीनच्या भिंतीवरचा तो फोटो काढावा म्हणून मी तीनदा लिहिले, आणि परवापर्यंत तो तिथेच होता.

कायम केल्याचे पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंगद चिंचवडला माझ्या घरी आला. माझी पूजा आटोपत होती. दुचाकीवरून, वाहतुकीतून, तीन जिने चढून आलेला. कपाळावर व्रण. हातात पत्र, हार आणि नारळ. पत्र देवापुढे ठेवून तो माझ्या पायांशी वाकला.

"पाय नकोत," मी म्हणालो. "बस. दंड पुढे कर."

सिस्टरांच्या सल्ल्याने मी घरी रक्तदाबाचे यंत्र आणून ठेवले होते. मी त्याला दहा मिनिटे गप्प बसवले आणि मगच पट्टा बांधला. आकडा चढलेला होता. जिन्यांचा परिणाम म्हणावा, तर दहा मिनिटे उलटली होती. मी पुन्हा मोजले. तसाच.

"आज गोळी घेतलीस?"

तो खाली पाहू लागला.

"अंगद."

"घेतो की गुरुजी रोज. सिस्टर फोन करतात, सोडत नायत. आजच्या दिवस फक्त..." तो ओशाळून हसला. "तुमच्या दारात यायचं होतं. देवाच्या दारात उपाशी जातोत तसं. तुमच्यासमोर तरी बिनगोळीचं यावं म्हटलं."

इतक्या वर्षांच्या संसारात मी घरात आवाज चढवल्याचे माझ्या पत्नीला आठवत नाही. त्या सकाळी ती स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. मी काय काय बोललो ते सगळे मला आठवत नाही. मूर्ख म्हणालो. दोन मुलींचा बाप असून अक्कल नाही का, असे म्हणालो. मी देव नाही, मी एक चुकलेला मास्तर आहे, आणि माझ्या नावाने तू पुन्हा एक दिवस जरी गोळी चुकवलीस तर हे दार तुला बंद, असे म्हणालो. खालच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले होते म्हणे. अंगद एवढा आडदांड माणूस, पण शाळकरी पोरासारखा बसून राहिला.

"गोळी कुठे आहे?"

त्याने खिशातून पाकीट काढले. होते, बरोबर आणलेले होते. पत्नीने पाण्याचे भांडे आणले. त्याने गोळी तळहातावर घेतली आणि सवयीने ती आधी देवाकडे धरली, मग माझ्याकडे.

"माझ्याकडे काय धरतोस," मी म्हणालो. "गीळ."

त्याने ती गिळली. ती घशाखाली उतरेपर्यंत मी त्याच्याकडे रागाने पाहत राहिलो.